घरातल्या वेगवेगळ्या बॅटऱ्यांसाठी कोणता चार्जर घ्यावा?

कोथरूडच्या एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र, मुलांची खेळणी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश यांना पेन्सिल सेल लागतात, विजेरीत एक जाड लिथियम सेल आहे, स्कूटरची बॅटरी सुट्टीत उतरून जाते, घरात इन्व्हर्टर आहे आणि मुळशीजवळच्या शेतावर बॅटरीवर चालणारा फवारणी पंप आहे. तर खोक्यावर ‘सर्व बॅटऱ्यांसाठी’ असे छापलेला एकच चार्जर घेतला तर चालेल का, आणि चालत नसेल तर कमीत कमी कोणते चार्जर घ्यावेत?

आपल्या घरासाठी दोन चार्जर विकत घ्यावे लागतील: एक पेन्सिल सेल आणि विजेरीचा लिथियम सेल या दोन्हींसाठी, दुसरा स्कूटरच्या बॅटरीसाठी. इन्व्हर्टरमध्ये चार्जर असतोच, आणि फवारणी पंपाला त्याच्याबरोबर आलेलाच चार्जर लावावा. सर्वांसाठी एकच चार्जर का पुरत नाही, हे समजले तर दुकानात खोक्यावरचा मजकूर वाचून आपल्याला स्वतःलाच निवड करता येईल, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

बुधवार पेठेत चार्जर आणि यूपीएस दुरुस्त करण्याचे काम मी २७ वर्षे करत आहे. या काळात माझ्याकडे आलेल्या खराब बॅटऱ्यांपैकी बऱ्याच वापराने जुन्या झालेल्या नव्हत्या; त्या वेळेवर चार्जिंग न थांबल्यामुळे गेल्या होत्या. बॅटरीत वीज ढकलणे सोपे आहे, ते कोणताही स्वस्त अडॅप्टर करतो. बॅटरी भरली हे ओळखून थांबणे अवघड आहे, आणि भरल्याची खूण प्रत्येक प्रकारच्या बॅटरीत वेगळी असते. आपण जो चार्जर घेणार, त्याला आपल्या बॅटरीची खूण ओळखता येते का, हाच प्रश्न दुकानदाराला विचारायचा आहे.

पेन्सिल सेलपासून सुरुवात करू. घड्याळात किंवा रिमोटमध्ये आपण जे साधे किंवा अल्कलाइन सेल घालतो, ते १.५ व्होल्टचे असतात आणि पुन्हा चार्ज करण्यासाठी बनवलेले नसतात. ते चार्जरमध्ये ठेवले तर गळतात, कधी फुटतात. चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलवर १.२ व्होल्ट आणि ‘निकेल मेटल हायड्राइड’ असे लिहिलेले असते. आकडा कमी दिसतो म्हणून काहीजण ते परत करतात, पण अल्कलाइन सेलचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, वापराबरोबर खाली येत जातो आणि हा सेल जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो, त्यामुळे फ्लॅश आणि खेळणी यांसारख्या जास्त वीज ओढणाऱ्या वस्तूंत तो उलट सरस ठरतो. भिंतीवरचे घड्याळ, रिमोट आणि गॅस गिझर यांना मात्र साधे सेलच ठेवावेत. ही उपकरणे इतकी कमी वीज घेतात की चार्ज होणाऱ्या सेलचा खर्च तिथे कधी वसूल होत नाही.

हा सेल भरत आला की त्याच्या धन पट्टीपाशी प्राणवायू तयार होऊ लागतो. तो ऋण पट्टीकडे जाऊन पुन्हा शोषला जातो, आणि या प्रक्रियेत आत येणाऱ्या विजेची उष्णता होते. सेल तापला की त्याचा दाब, जो तोपर्यंत हळूहळू चढत होता, किंचित खाली येतो. भरल्याची खूण ती हीच. जुन्या निकेल कॅडमियम सेलमध्ये ही घसरण १० ते २० मिलिव्होल्टची असल्याने सहज सापडत असे. निकेल मेटल हायड्राइडमध्ये ती एका सेलमागे जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास असते. चार्जरला एवढा बारीक फरक टिपता आला नाही तर तो भरलेल्या सेलमध्ये वीज ढकलत राहतो, सेल हातात धरवत नाही इतका तापतो, आतल्या वायूचा दाब वाढून सुरक्षेची झडप उघडते आणि सेलमधले द्रव थोडे थोडे उडून जाते. असा सेल नंतर पूर्वीइतका कधीच भरत नाही.

याचे दोन व्यावहारिक परिणाम आहेत. पहिला असा की, दोन-दोन सेल जोडीने चार्ज करणारे चार्जर घेऊ नयेत. त्यांत दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात; एक अर्धा उतरलेला आणि दुसरा पूर्ण उतरलेला असेल तर पहिला आधी भरतो आणि दुसऱ्यासाठी भाजत राहतो. खेळण्यातून काढलेला एक आणि रक्तदाबाच्या यंत्रातून काढलेला एक अशी जोडी घरात सर्रास लागते, म्हणून प्रत्येक खाचेचे स्वतंत्र नियंत्रण असलेला चार्जरच घ्यावा. ओळखायचे कसे? प्रत्येक खाचेला वेगळा दिवा किंवा पडद्यावर वेगळा आकडा असेल आणि एकच सेल ठेवला तरी चार्जिंग सुरू होत असेल, तर नियंत्रण बहुतेक वेळा स्वतंत्र असते.

दुसरा परिणाम घड्याळ लावून थांबणाऱ्या चार्जरांबद्दल आहे. हे चार्जर सेलकडे पाहतच नाहीत. ठरावीक तास झाले की बंद होतात. मी धंद्यात नवा असताना असा एक चार्जर स्वतः वापरत होतो. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पुणेकरांना सांगायला नको. वीज परत आली की या चार्जरचे घड्याळ शून्यापासून सुरू होते आणि सहा तास भरलेला सेल पुन्हा पूर्ण वेळ चार्ज होतो. माझे चार नवे सेल अशाच एका गुरुवारी गेले, आणि कारण कळायला मला आणखी दोन गुरुवार लागले. तेव्हापासून मी घड्याळाचा चार्जर कोणालाही सुचवलेला नाही.

आता चार्जिंगच्या वेगाविषयी. सेलवर २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) लिहिले असेल तर २०० मिलिअँपिअरने तो सावकाश, १४ ते १६ तासांत भरतो. इतक्या कमी प्रवाहात घसरणीची खूण उमटतच नाही, पण जास्तीची उष्णताही सेल सोसू शकतो. १००० मिलिअँपिअरला खूण स्पष्ट उमटते आणि दोन-अडीच तासांत काम होते. या दोहोंच्या मधला, ३०० ते ४०० मिलिअँपिअरचा पट्टा सर्वांत फसवा आहे: खूण पुसट आणि उष्णता मात्र पुरेशी. चांगले चार्जर ५०० मिलिअँपिअरलाही नीट थांबतात, कारण ते दाबाच्या घसरणीबरोबर सेलचे तापमान आणि एकूण भरलेली वीजही पाहतात. बारीक पेन्सिल सेल, ज्यांना आपण ट्रिपल ए म्हणतो, ते ८०० एमएएचच्या आसपास असतात. त्यांना ४०० च्या आसपासचा प्रवाह योग्य आहे. प्रवाह निवडण्याची सोय नसलेला आणि सगळ्यांनाच १००० देणारा चार्जर बारीक सेलांना तापवतो.

सेल घेताना ‘कमी स्वयं-उतार’ असलेले, म्हणजे ‘आधीच चार्ज केलेले’ असे वेष्टनावर लिहिलेले घ्यावेत. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप या नावाने असे सेल बाजारात आणले, आणि आता इतर कंपन्याही ते बनवतात. पूर्वीचे सेल नुसते पडून राहिले तरी महिना-दोन महिन्यांत बरेच उतरत. हे वर्षभरानंतरही मोठा भाग राखून ठेवतात. रक्तदाबाचे यंत्र महिन्यातून चार वेळा वापरणाऱ्या घरात हा फरक फार महत्त्वाचा आहे. २७००-२८०० अशा मोठ्या आकड्यांच्या मोहात पडू नये. जास्त क्षमतेचे खरे सेल असतात, पण ते कमी वेळा चार्ज होऊ शकतात.

विजेरीतला जाड सेल बहुधा १८६५० असेल. या आकड्याचा अर्थ १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचे शून्य म्हणजे नळीसारखा आकार. लिथियम आयनमध्ये भरल्याची खूण पूर्णपणे वेगळी आहे: दाब वर चढत जातो आणि तो कधीच आपणहून खाली येत नाही. म्हणून चार्जरने ४.२ व्होल्टला दाब अडवून धरायचा असतो आणि प्रवाह कमी कमी होत सुरुवातीच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यावर आला की बंद व्हायचे असते. घसरणीची वाट पाहणाऱ्या निकेलच्या चार्जरमध्ये हा सेल ठेवला तर ती घसरण कधी येतच नाही आणि चार्जर पुढे जात राहतो. ४.२ च्या वर गेल्यावर ऋण पट्टीवर धातुरूप लिथियम साचू लागते, धन पट्टीची रचना ढासळून तिच्यातून प्राणवायू सुटू लागतो, आणि आतले द्रव ज्वालाग्राही असते. निकेलचा सेल जास्त भरला तर बहुतेक वेळा फक्त सेल जातो. लिथियमचा जास्त भरला तर घर पेटू शकते. एका गृहस्थांनी माझ्याकडे आणलेल्या दोन खाचांच्या, नाव नसलेल्या चार्जरवर मी सेलचा दाब मोजला तेव्हा तो ४.३८ व्होल्ट होता आणि हिरवा दिवा अजून लागलेला नव्हता. तो चार्जर मुलाच्या पलंगाजवळच्या टेबलावर रोज रात्री चालत होता, हे ऐकून मी तो परत द्यायला नकार दिला.

म्हणून साधा मल्टीमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजायचे मीटर, घरात ठेवावा असा माझा आग्रह आहे. नव्या चार्जरवर पहिल्यांदा सेल भरल्यावर, तो खाचेत असतानाच दोन्ही टोकांना मीटर लावावा. ४.१५ ते ४.२५ च्या मध्ये आकडा आला तर ठीक. त्याहून जास्त असेल तर तो चार्जर वापरू नये. उतरलेल्या सेलचा दाब २.५ व्होल्टच्या खाली गेला असेल तर तो चार्ज करण्याचा प्रयत्न करू नये, तो टाकून द्यावा.

लिथियममध्येही सर्व सेल सारखे नसतात. लोह फॉस्फेटचा सेल दिसायला अगदी तसाच, पण त्याचा नेहमीचा दाब ३.२ आणि भरल्यावरचा ३.६५ व्होल्ट असतो. त्याच्यासाठी चार्जरवर वेगळी निवड हवी. ती नसेल तर असा सेल त्यात ठेवू नये. १४५०० नावाचा सेल हुबेहूब पेन्सिल सेलच्या आकाराचा, पण ३.७ व्होल्टचा असतो; तो चुकून खेळण्यात गेला तर खेळणे जळते. आणि अलीकडे पेन्सिल सेलच्या आकाराचे, अंगावरच चार्जिंगचे छिद्र असलेले १.५ व्होल्टचे सेल मिळतात. त्यांच्या आत लिथियम सेल आणि दाब कमी करणारे छोटे सर्किट असते. ते फक्त त्यांच्या तारेनेच चार्ज करावेत. निकेलच्या चार्जरमध्ये तर अजिबात ठेवू नयेत.

१८६५० सेलवर ९९०० एमएएच असे लिहिलेले दिसले तर ते खोटे आहे. या आकारात बाजारात सर्रास मिळणारे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात आणि त्यांचे वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान असते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहावे. ३० ग्रॅमचा सेल म्हणजे आत अर्धी पोकळी.

या दोन्ही प्रकारांसाठी आपण चार खाचांचा, छोटा पडदा असलेला चार्जर घ्यावा. त्यात प्रत्येक खाच स्वतंत्र हवी, प्रवाह निवडता यायला हवा, निकेल आणि लिथियम दोन्ही लिहिलेले हवे, आणि सेलची क्षमता मोजण्याची सोय असेल तर उत्तम. ही सोय चैन नाही: सेल पूर्ण भरून, पूर्ण उतरवून चार्जर सांगतो की २००० लिहिलेल्या सेलमध्ये प्रत्यक्षात १८५० उरले आहेत की ९००. सहा महिन्यांतून एकदा हे केले तर खेळण्यातल्या चार सेलांपैकी नेमका कोणता एक सगळ्यांना खाली ओढतो आहे हे कळते, आणि चारही फेकावे लागत नाहीत. लिटोकाला, ओपस, नाइटकोर अशा कंपन्यांचे असे चार्जर मिळतात, पण नावापेक्षा वर सांगितलेल्या गोष्टी तपासाव्यात, कारण नकला पुष्कळ आहेत. खाचेची लांबीही पाहावी. आत संरक्षक सर्किट असलेला १८६५० प्रत्यक्षात ७० मिलिमीटरच्या जवळ जातो आणि काही चार्जरांत मावत नाही.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हे चार्जर आता बहुधा मोबाइलच्या तारेवर चालतात आणि अडॅप्टर खोक्यात नसतो. घरातला जुना ५ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर तो ५ वॅट देतो, आणि चार लिथियम सेलांना प्रत्येकी १ अँपिअर द्यायला जवळजवळ १७ वॅट लागतात. मग चार्जिंग रेंगाळते किंवा मध्येच बंद पडते, आणि दोष चार्जरला लागतो. अडॅप्टर निदान २० वॅटचा घ्यावा आणि त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण व ‘आर’ पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून तपासता येतो. मात्र त्या खुणेचा अर्थ विजेचा धक्का आणि आग यांपासून सुरक्षितता एवढाच आहे. चार्जर सेल ओळखून वेळेवर थांबतो की नाही, हे ती सांगत नाही. ते मल्टीमीटरनेच पाहावे लागते. तापकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत घेताना दुकानदाराला समोर एक सेल लावून दाखवायला सांगावे. चांगले दुकानदार नाही म्हणत नाहीत.

स्कूटरची १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी ४ ते ५ एएचची (अँपिअर-तासांची) असते. तिला अर्धा ते एक अँपिअर देणारा, १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊन नंतर आपोआप १३.५ ते १३.८ वर उतरून तिथेच थांबणारा छोटा चार्जर हवा. अशा चार्जरला ‘मेंटेनर’ म्हणतात. दोन-तीन महिने गावी जाताना तो लावून ठेवता येतो, किंवा निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून तिची ऋण तार सोडून ठेवावी. शिसे-आम्ल बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ते नंतर चार्जिंगने निघत नाहीत. स्कूटरच्या बॅटऱ्या सुट्टीत मरतात त्या याच कारणाने. पूर्ण भरून तासभर विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. गॅरेजमधला जुना, जड, काटा असलेला चार्जर एवढ्या छोट्या बॅटरीला लावू नये. तो मोटारीच्या बॅटरीसाठी असतो, बहुधा कुठे थांबत नाही, आणि छोटी बंद बॅटरी त्याने फुगते.

इन्व्हर्टरसाठी वेगळे काही घेण्याची गरज नाही. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या एएचच्या साधारण दहावा हिस्सा असावा, म्हणजे १५० एएचला १५ अँपिअर. उष्णतेबरोबर चार्जिंगचा दाब कमी करावा लागतो, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला सुमारे २० मिलिव्होल्ट. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बंद गॅलरीत ४० अंश सहज होतात. २५ अंशांसाठी ठरवलेले १४.४ तिथे १४.१ हवेत. आपल्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय नसेल तर उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर महिन्याला पाहावी आणि बॅटरी हवेशीर जागी ठेवावी, कारण चार्जिंगच्या शेवटी तिच्यातून हायड्रोजन निघतो. पुढे कधी लिथियमची इन्व्हर्टर बॅटरी घेतलीत तर जुना इन्व्हर्टर तिच्यासाठी योग्य आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

राहिला फवारणी पंप, आणि येथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पूर्वी या पंपांत १२ व्होल्ट ८ किंवा १२ एएचची शिसे-आम्ल बॅटरी असे. आता हलके वजन म्हणून लिथियमचे पंप आले आहेत, आणि दोन्हींच्या चार्जरची गोल पिन पुष्कळदा एकच असते. तीन लिथियम सेलांची बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते, चार लोह फॉस्फेट सेलांची १४.६ ला. शिसे-आम्लाचा १४.४ व्होल्टचा चार्जर पहिल्या प्रकाराला लावला तर एका सेलच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात, आणि मग फक्त बॅटरीच्या आतले संरक्षक सर्किटच काय ते वाचवू शकते. ते स्वस्त पंपांत असेलच असे नाही. गावात शेजारच्या पंपाचा चार्जर मागून आणायची पद्धत असते, म्हणून आपल्या पंपावर आणि त्याच्या चार्जरवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी, तिच्यावर व्होल्टचा आकडा लिहावा आणि शेतावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवावी. भाताचा हंगाम संपून दिवाळीनंतर पंप माळ्यावर जाईल तेव्हा, बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर पूर्ण भरून ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियमची असेल तर साधारण निम्मी भरून ठेवावी, आणि पत्र्याखालच्या तापणाऱ्या माळ्याऐवजी घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी.